वहिनींची डावी टाच

थंडी सरत आली, दुपारी लोक कोट अंगात घालायच्या ऐवजी हातावर टाकून चालायला लागले, की मला साबणाच्या कोमट पाण्याचा आणि मेणाचा एकत्र वास आठवतो. त्या वासामागोमाग माझ्या वहिनींच्या टाचा आठवतात. हे कुणाला सांगितलं की हसतात. हसू देत. आमच्या घरात त्या टाचांनी एका वर्षी तीन आठवडे सगळ्यांना कामाला लावलं होतं.

माझा थोरला भाऊ सुतार होता. मी त्याला दादा म्हणायचो. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना. मधल्या खोलीत स्वयंपाक आणि आईचा पलंग, आणि मागे एक अरुंद खोली, तिथे माझं टेबल. मी तेव्हा नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. संध्याकाळी वह्या तपासायला मात्र मी कारखान्यातच बसायचो, कारण घरातला सगळ्यात चांगला दिवा दादाच्या सुतारकामाच्या ओट्यावर होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्यामुळे नेहमी थोडा भुसा सापडायचा.

वहिनी लग्न होऊन आल्या आणि महिन्याभरात त्या कारखान्यात उभ्या राहिल्या. दादा करवत चालवणार, त्या फळीचं दुसरं टोक धरणार, अशी बारा वर्षं गेली. उभ्या राहायच्या त्या अनवाणी. दादानं कितीदा सांगितलं असेल, पायात काहीतरी घाल. पण त्यांचं म्हणणं असं, की भुशात पडलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही, पायाला बरोबर कळतो. ते खरंही होतं. दादा खिळा पाडायचा, वहिनी दोन पावलं पाय फिरवायच्या आणि तिसऱ्या पावलाला वाकून खिळा त्याच्या हातात द्यायच्या.

लाकडाचा भुसा मोठा लबाड. दिसायला मऊ, पण पायातलं होतं नव्हतं तेवढं तेल पिऊन टाकतो. ओंडका कापून उन्हात ठेवला की त्याच्या तोंडावर मधून कडेपर्यंत चिरा जातात ना, तशा चिरा वहिनींच्या दोन्ही टाचांना गेल्या होत्या. चादरीत अडकायच्या. वहिनी चालल्या की मधल्या खोलीच्या फरशीवर खरखर असा बारीक आवाज यायचा आणि आई न बघता सांगायची, सूनबाई आली.

दादाला स्वतःच्या पॉलिशचा फार अभिमान. खुर्ची गिऱ्हाइकाच्या हवाली करताना तो सांगायचा, मी आहे तोपर्यंत हे पॉलिश उतरणार नाही. आई मागून म्हणायची, मग तुला शंभरी गाठावीच लागेल, नाहीतर लोक खुर्च्या परत आणतील.

पुढे बाजारात तयार खुर्च्या-टेबलं आली आणि दादाचं काम निम्म्यावर आलं. फळी धरायला दुसरं माणूस लागेना. वहिनींचे हात रिकामे राहिले, आणि रिकामे हात ही गोष्ट त्यांना सोसणारी नव्हती. चौकातल्या बुटांच्या दुकानात माणूस हवं होतं. थंडीच्या सुरुवातीला त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मालकांनी विचारलं, बुटांचं काय येतं? वहिनींनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्हाला आठ लागतो, पण उजवा पाय साडेआठ आहे. बारा वर्षं फळ्यांची मापं डोळ्यांनी घेतलेल्या बाईला पाय म्हणजे काय मोठंसं. मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं, पण कच्च्या नेमणुकीवर.

त्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लागून एक लांब बाक होता. विकणाऱ्या बायकांसाठी बसकी स्टुलं होती, एका बाजूला उतरती फळी असलेली. गिऱ्हाइकानं त्या उतारावर पाय ठेवायचा आणि बाईनं स्टुलावर बसून, नाहीतर गुडघ्यावर टेकून, बूट चढवायचा. ज्या बाईला स्वतःचं स्टूल मिळालं ती दुकानात पक्की झाली असं समजायचं. बाकीच्यांना माळा. माळ्यावर खोक्यांच्या थप्प्या, एक दिवा, आणि खालून कुणीतरी ओरडलेला आकडा. खोकं शोधायचं, शिडीच्या तोंडाशी येऊन खाली द्यायचं आणि पुन्हा आत जायचं.

वहिनींना त्या हिवाळ्यापुरतं एक स्टूल वापरायला मिळालं होतं, आणि ते मिळाल्यावर त्या बदलल्या असं मी म्हणेन. बारा वर्षं रंध्याच्या आवाजात बोलायची सोय नव्हती. आता दिवसभर त्यांच्यासमोर नवा माणूस येऊन बसत होता. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या आम्हाला दिवसभराचे पाय सांगायच्या. आज एक बाई आल्या होत्या, पाय सहाचा, मन पाचाचं. आज एक आजोबा, दोन पायांत दोन वेगळे मोजे, आणि विचारलं तर म्हणे घरी अशीच अजून एक जोडी आहे. दादा हातातलं काम थांबवून ऐकायचा. हसायचा थोडं, पण ऐकायचा पूर्ण. मीही लाल पेन खाली ठेवायचो. घरात कुणी नवं माणूस राहायला आलं असावं तसं वाटायचं.

थंडीभर सगळं ठीक चाललं, कारण वहिनींच्या पायांत बंद बूट आणि मोजे होते. मग एका संध्याकाळी त्या आल्या आणि चहा तसाच निवत ठेवून बसल्या. दुकानात अजून एक बाई होत्या, इतक्या उंच की वरच्या खणातलं खोकं नुसता हात वर करून काढायच्या. सगळे त्यांना शिडीबाई म्हणायचे. त्यांनी वहिनींना मालकांची रीत सांगितली होती. तीन आठवड्यांनी बूट माळ्यावर जाणार आणि सँडल खाली येणार. त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक बाईनं दुकानातलेच नवे सँडल पायात घालायचे. मालक म्हणत, खोक्यातला सँडल कुणी घेत नाही, पायातला घेतात. आणि सकाळी दुकान उघडण्याआधी मालक स्वतः गिऱ्हाइकाच्या बाकावर बसणार, एकेकीला समोर पाठमोरी गुडघ्यावर टेकायला लावणार आणि मागून टाचा बघणार. बाई गुडघ्यावर टेकली की बाजूला बाकावर वाट बघत बसलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला तिच्या टाचाच दिसतात, म्हणून. टाचा चांगल्या असल्या तर स्टूल कायमचं. नसल्या तर माळा.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "माळ्यावर बोलायचं कुणाशी?"

दादानं त्यांच्या पायांकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, चिरांमध्ये लांबी भरून देऊ का? लांबी म्हणजे लाकडातल्या भेगा बुजवायचा लगदा. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो ओट्याकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून आईनं कारभार हातात घेतला. जस्ताचं एक पसरट घमेलं तिनं घासून लख्ख केलं. पाणी कोमट, कढत नाही. कोपर बुडवून बघायचं. त्यात साबणाचा कीस आणि मूठभर मीठ. वीस मिनिटं पाय बुडवून बसायचं, आणि तेवढा वेळ वहिनींनी काही काम करायचं नाही, हा नियम त्यांना सगळ्यात जड गेला. मग वज्री. आईची वज्री जुनी होती, तिच्या आईची. काळ्या सच्छिद्र दगडाची, धरून धरून मधे खोलगट झालेली. पाय ओला असतानाच हलक्या हातानं फिरवायची, एकाच दिशेनं, आणि फार नाही. मग बोटांच्या बेचक्यांसकट पाय कोरडा करायचा. मग तेल आणि मेण पातळ करून केलेलं मलम, ते चिरांत बोटानं भरायचं, आणि वरून सुती मोजे.

मेण दादाच्या डब्यातलं. तो म्हणाला, माझं पॉलिशचं मेण. आई म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या कामाला लागलं.

वहिनींना घाई होती. तिसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या की वज्री जरा जास्त वेळ फिरवूया. आई म्हणाली, टाच म्हणजे कांदा नव्हे, एका बसणीत सोलायला. बारा वर्षांत जमलेलं तीन दिवसांत जात नाही. रोज एक पापुद्रा निघाला तर निघाला, नाही निघाला तर उद्या.

त्या दिवसांतल्या संध्याकाळी मला जशाच्या तशा दिसतात. ओट्यावरच्या दिव्याखाली दादा कशाला तरी कानस लावत बसलेला, आई भिंतीशी टेकून, वहिनी घमेल्यात पाय सोडून, आणि मी खाली मान घालून लाल पेन चालवत. पाण्यात पाय असल्यामुळे वहिनींना उठता यायचं नाही, म्हणून त्या बोलायच्या. त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी, ज्या बारा वर्षांत आम्ही ऐकल्या नव्हत्या. शाळेत जाताना त्यांना ओढा ओलांडावा लागायचा आणि त्या बूट डोक्यावर ठेवून जायच्या. एकदा एक बूट वाहून गेला, तर उरलेलं वर्ष त्यांनी एका पायात भावाचा बूट घालून काढलं. पाणी निवलं की आई किटलीतलं थोडं गरम पाणी ओतायची आणि गोष्ट पुढे जायची.

दोन आठवड्यांनी फरक दिसायला लागला. चिरा आधी उथळ झाल्या, मग रेघा झाल्या. फरशीवरचा आवाज बंद झाला, तेव्हा आई एकदा मागे वळून दचकलीच. सूनबाई कधी आली ते तिला कळलं नव्हतं. उजवी टाच तर एखाद्या लहान मुलीची असावी तशी झाली. डाव्या टाचेच्या बाहेरच्या अंगाला मात्र एक जाड कड राहिली. फळीचं वजन वर्षानुवर्षं त्या बाजूला यायचं. आई म्हणाली, जाईल. आठ दिवस जास्त लागतील. पण आठ दिवस नव्हते. सँडलचा दिवस चार दिवसांवर आला होता.

त्या दिवशी आई तिच्या बहिणीकडे गेली होती आणि मी शाळेत होतो. पुढचं जे सांगतो ते मला दादानं आणि वहिनींनी वेगवेगळं सांगितलं, पण दोघांचं सांगणं जुळतं.

दादाला ती कड बघवत नव्हती. एखाद्या कामाला कुठे उंचवटा राहिला तर तो ते काम गिऱ्हाइकाला देत नसे. उचलून परत ओट्यावर घ्यायचा. दुपारी वहिनी जेवायला घरी आल्या तेव्हा तो म्हणाला, बस, पाच मिनिटांत सरळ करून देतो. वहिनी बसल्या. त्याला आईची वज्री पुरेशी वाटली नाही. त्यानं ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर घेतला, लाकडी ठोकळ्याला गुंडाळला, वहिनींचा पाय खुर्चीचा पाय घ्यावा तसा मांडीवर घेतला. वहिनींनी विचारलं, पाणी आणू का? आणि इथेच सगळं चुकलं. कुठल्याही बाईला, न्हाव्याला, अगदी मलासुद्धा वाटलं असतं की पाय आधी ओला करावा. पण सुतार ओल्या लाकडाला कधी कागद लावत नाही. लाकूड ओलं असलं की तंतू उभे राहतात आणि काम खराब होतं. दादा वयाच्या दहाव्या वर्षापासून हे शिकलेला. तो म्हणाला, छे, कोरडंच हवं. आणि वहिनींनाही ते पटलं, कारण बारा वर्षं त्यांनीही तेच पाहिलं होतं.

आधी ऐंशी, मग एकशे वीस, मग दोनशे वीस. मधे मधे तो अंगठा फिरवून बघायचा. दादाचा अंगठा म्हणजे त्याचं सगळ्यात बारीक हत्यार. केसाएवढा उंचवटा त्याला कळायचा. पण त्या अंगठ्याचं कातडं स्वतःच कानशीसारखं. टाच गुळगुळीत झाल्याचं त्याला कळलं, पातळ झाल्याचं कळलं नाही. वहिनींना तर त्या जाड कडेत बारा वर्षांत काही जाणवलंच नव्हतं, त्यामुळे थोडं झोंबलं तेव्हा त्यांना वाटलं, चला, पाय जिवंत होतोय. शेवटी त्यानं कापडानं घासून मेण लावलं. टाच चमकायला लागली. वहिनी म्हणत की तिच्यात आरशासारखं तोंड दिसलं असतं. दोघं खूश. त्या दुकानात परत गेल्या, दादा शीळ घालत कामाला लागला.

आई पाचच्या सुमाराला आली. तिला घरात शिरताच जमिनीकडे बघायची सवय. ओट्याजवळच्या तांबूस भुशात एका जागी पांढरी पूड पडली होती. तिनं वाकून ती बोटावर घेतली आणि दादाला विचारलं, "हे रे कुठलं लाकूड?"

तेवढ्यात वहिनी दारातून आत आल्या, भिंतीला धरून, डावा पाय टेकत नव्हत्या. त्यांनी आईच्या बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझं."

मी शाळेतून आलो तो हे ऐकायला वेळेवर आलो. मोजा काढला तर टाचेला चिकटून आला आणि खाली रक्त. आग वहिनींच्या टाचेत, आणि मस्तकाला गेली ती आईच्या. एरवी ती ओरडायची, तेव्हा आम्हाला बरं वाटायचं, कारण ओरडून झालं की ती चहा करायची. त्या दिवशी ती ओरडली नाही. जखम धुतली, पट्टी बांधली, वज्री कापडात गुंडाळून स्वतःच्या उशीखाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, उतावळा नवरा म्हणतात तो माझ्याच पोटी यायचा होता. दादा ओट्यापाशी उभा होता. त्यानं तो ऐंशी नंबरचा कागद घडी घालून खिशात ठेवला. का ते मला कळलं नाही. मग तो वहिनींना म्हणाला, "तुझं स्टूल घालवलं मी."

वहिनी म्हणाल्या, "अहो, अजून चार दिवस आहेत." पण त्यांचा आवाज मला माहीत होता. इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी मी वर्गाला अशाच आवाजात सांगायचो की घाबरू नका.

चार दिवसांत रक्त थांबलं, पण टाच भरून आली नाही. सँडलच्या दिवशी वहिनी स्वच्छ पांढरी पट्टी बांधून निघाल्या. दादा म्हणाला, हातगाडीवरून नेतो, फळ्या नेतो तशी. वहिनी म्हणाल्या, बारा वर्षं फळी धरली, आता फळी व्हायची इच्छा नाही. चालत गेल्या. शाळेला सुट्टी होती आणि मला सँडल घ्यायचेच होते. निदान मी तसं ठरवलं आणि त्यांच्याबरोबर गेलो. दादा आमच्या मागून आला आणि समोरच्या फुटपाथवर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या काचेसमोर उभा राहिला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं.

दुकान उघडायच्या आधी मला आत येऊ देतील असं वाटलं नव्हतं, पण शिडीबाईंनी मला बाकाच्या टोकाला बसवलं. मालक मधे बसले होते. ते दुष्ट नव्हते. नेटका माणूस, पेन्सिलीला टोक काढायचे तेसुद्धा कागदावर. त्यांनी आधी शिडीबाईंच्या टाचा पाहिल्या आणि पसंतीनं मान हलवली. मग वहिनी गुडघ्यावर टेकल्या. उजवी टाच सुरेख. डावीवर पट्टी. मालकांनी जरा वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, आज माळा सांभाळा, बरं वाटलं की पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी, असं ते म्हणाले. वहिनींनी आपलं स्टूल उचलून भिंतीशी नीट लावून ठेवलं, उताराची बाजू आत करून, आणि मग त्या शिडीकडे गेल्या.

दुकान उघडलं. बाकावर बायका येऊन बसल्या. पहिली आली ती आमच्या भागातली टपालवाली, चौकोनी बांध्याची, कामाचे जाड बूट घातलेली. तिला सँडल हवे होते, पण शिडीबाईंनी मोजे काढायला सांगितल्यावर ती काढेना. तसेच आणा, म्हणाली, घरी घालून बघते. शिडीबाई म्हणाल्या, मोज्यांवर माप कळत नाही. ती म्हणाली, मग राहू द्या. शेजारच्या दोघी बायकाही आपले पाय बाकाखाली ओढून बसल्या होत्या, हे मी पाहिलं. दरवर्षी किती बायका अशा राहू द्या म्हणून उठून गेल्या असतील कुणास ठाऊक.

वहिनी तेव्हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होत्या. टाच टेकवता येत नसल्यानं त्या चवड्यावर, एकेक पायरी थांबत चढत होत्या. शिडी बाकाला लागूनच होती. त्यांची पट्टी बांधलेली टाच बरोबर टपालवालीच्या डोळ्यांसमोर आली.

टपालवाली म्हणाली, "अहो बाई, हे काय लागलं?"

वहिनी वळल्या नाहीत. शिडीला धरूनच म्हणाल्या, "नवऱ्यानं घासली. मऊ व्हावी म्हणून."

"कशानं?"

"पॉलिशपेपरनं. सुतार आहेत. ऐंशी नंबर."

मग टपालवाली हसायला लागली. आधी नाकातून, मग पूर्ण, बाकासकट. शेजारच्या दोघींनी तोंडाला पदर-रुमाल काय हाताला येईल ते लावलं. शिडीवर वहिनींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण त्याही हसत होत्या. टपालवालीनं डोळे पुसले, वाकली, आणि एकामागून एक दोन्ही मोजे ओढून काढले. तिच्या टाचा वहिनींच्या जुन्या टाचांच्या वरताण होत्या. ती म्हणाली, "उतरा खाली. मला तुम्हीच दाखवा."

वहिनींनी मालकांकडे पाहिलं. मालक पेन्सिलीला टोक काढायला लागले. मग त्या उतरल्या, भिंतीशी लावलेलं स्टूल ओढलं, उतार बाहेर केला, टपालवालीचा पाय त्यावर घेतला आणि म्हणाल्या, सँडल देते, पण आधी घरी जाऊन घमेलं काढा. कोमट पाणी, कढत नाही. आईचे शब्द जसेच्या तसे, कोपर बुडवण्यापर्यंत. आणि शेवटी, काहीही झालं तरी कोरडं घासू नका, घरात सुतार असला तर त्याला बाहेर पाठवा. शेजारच्या दोघींनी आपले मोजे कधी काढले ते मला दिसलंच नाही. बघितलं तेव्हा सहा अनवाणी पाय रांगेत होते आणि सगळ्या वहिनींकडे वाकून ऐकत होत्या.

त्या दिवशी माळ्यावर कुणी नव्हतं. खोकी काढायला मालक स्वतः चढले आणि दिवसभर चढत-उतरत राहिले. मी माझे सँडल घेऊन निघालो तेव्हा शिडीच्या तोंडातून त्यांचं डोकं बाहेर आलं आणि त्यांनी खाली विचारलं, सहा की साडेसहा? वहिनी वर न बघता म्हणाल्या, सहा. पायही सहा, मनही सहा.

मी रस्ता ओलांडून दादाला सांगितलं. तो काचेतल्या घड्याळांकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, यातली निम्मी चुकीची वेळ दाखवतायत.

संध्याकाळी दुकान बंद करताना मालक वहिनींना म्हणाले, ती पट्टी अजून आठवडाभर राहू द्या. स्टुलाबद्दल शब्दही काढला नाही. काढायची गरज नव्हती.

दादानं त्यानंतर आठ दिवस दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. वहिनींसाठी त्यानं नवं स्टूल केलं, दुकानातल्यापेक्षा दोन बोटं उंच, म्हणजे गुडघ्यांना त्रास होणार नाही, आणि उताराच्या फळीला टाच बसेल असा किंचित खोलगट खळगा. त्या खळग्याला त्यानं किती कागद लावले असतील ते तोच जाणे. मालकांनी ते दुकानात ठेवू दिलं. वहिनी त्या स्टुलावर सव्वीस वर्षं बसल्या. दरवर्षी बूट माळ्यावर जायच्या तीन आठवडे आधी बायका दुकानात येऊन काही न घेता नुसतं विचारायच्या, आता सुरू करू का? वहिनी पाय बघून दिवस सांगायच्या. तुम्हाला पंधरा पुरेत. तुम्ही आजच घमेलं काढा.

आणि घरी आमचं घमेलंही दरवर्षी निघायचं. आई होती तोवर ती, नंतर दादा. वज्री आईनं जायच्या आधी दादाच्या हातात दिली. ती देताना म्हणाली, ओलं करून. दादा पाण्यात कोपर बुडवून बघायचा, मग वहिनींची डावी टाच हातात घ्यायचा आणि इतक्या हलक्या हातानं वज्री फिरवायचा की वहिनी म्हणायच्या, अहो, घासताय की विचारपूस करताय?

दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी वहिनींनी घमेलं काढलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. दुसऱ्या वर्षी मी सहज गेलो असताना त्या म्हणाल्या, भाऊजी, तेवढं घमेलं वरून काढून द्या, माझा हात पोचत नाही. आता हे माझं दरवर्षीचं काम. मी घमेलं काढतो, पाण्यात कोपर बुडवतो, आणि बाजूला खुर्ची ओढून बसतो. मांडीवर वह्या नसतात, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळत नाही.

या वर्षी गेलो तेव्हा त्यांनी दादाचं स्टूल समोर घेतलं होतं. वीस मिनिटं पाण्यात बसून झाल्यावर त्यांनी डावा पाय त्या खळग्यात ठेवला. वाकणं आता अवघड जातं, म्हणून थांबत थांबत वज्री फिरवत होत्या. टाचेला पुन्हा बारीक चिरा पडल्या आहेत. वयाचं कातडं, भुशाची गरज राहिलेली नाही. पण बाहेरच्या अंगाला, जिथे ती कड होती, तिथे नाण्याएवढी एक जागा आहे. फिकट, गुळगुळीत. तिला चीर नाही. इतक्या हिवाळ्यांत तिला कधीच चीर गेली नाही.

वहिनींनी वज्री त्या जागेच्या कडेनं वळवून नेली, तिला लागू न देता. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"तुमच्या दादांचं पॉलिश," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, मी आहे तोपर्यंत उतरणार नाही. हिशेब चुकला त्यांचा."

मग त्यांनी मला किटलीतलं थोडं गरम पाणी घमेल्यात ओतायला सांगितलं, आणि उजवा पाय पुढे घेतला.